एका चुलीची तीन घरं

आमची थोरली सून माणसं मोजायच्या कामाला लागली, तेव्हा मला गंमतच वाटली. आमच्या लहानपणी गावात एक कारकून शेळ्या मोजायला आला होता. मोजल्या की कर बसणार अशी आवई उठली आणि बघता बघता सगळ्या शेळ्या ओढ्यापलीकडे गेल्या. कारकुनानं शाळेच्या पायरीवर बसून 'शेळ्या : निरंक' असं लिहिलं, खाली सही ठोकली आणि टोपी शेजारी ठेवून डुलकी काढली. उठून बघतो तर टोपी अर्धी. चुकून मागं राहिलेल्या एका शेळीनं ती खाल्ली होती. कागदावर मात्र गावात शेळी नव्हती ती नव्हतीच. गुरुजी आम्हाला म्हणाले, "पोरांनो, लिहिलेलं सगळं खोटं नसतं. पण टोपी सांभाळावी."

हे मी सूनबाईला सांगितलं, तर ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, पण मग त्या शेळ्यांना लस टोचायला कोण आलं?"

कुणीच आलं नव्हतं. पुढच्या वर्षी साथीत निम्म्या मेल्या. गोष्टीचा हा भाग मी एरवी सांगत नसे. तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की ही बाई नुसतं मोजणाऱ्यांतली नाही.

बारावी शिकून ती आमच्या घरी आली. दहा वर्षं घर बघितलं, दोन मुलं वाढवली, आणि धाकटा शाळेत जायला लागल्यावर पाहणीच्या कामाचा अर्ज भरून आली. सरकारी भाषेत प्रगणक, लोकांच्या भाषेत फॉर्मवाली. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा, कानावर पेन. घरोघर जायचं, घरात माणसं किती, कमावती किती, पाच वर्षांखालची मुलं किती, हे विचारून लिहायचं. मूळ फॉर्म कचेरीत द्यायचा, स्थळप्रत आपल्याकडे ठेवायची. महिनाभरात घरातलं बोलणंसुद्धा फॉर्मसारखं झालं. "बाबा, औषध घेतलं? हो, नाही, की सांगता येत नाही?" मी म्हणायचो, "सांगता येत नाही." ती म्हणायची, "म्हणजे नाही."

तिच्या वाट्याला एकशे तीस घरं होती. त्यातच डब्यांच्या कारखान्यामागच्या चार इमारती. पत्र्याचे डबे करणारे, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया, अशी सगळी वस्ती. इमारतीला तीन मजले, मजल्यावर सहा खोल्या. मालकाला आगीची धास्ती, म्हणून खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही. तीन खोल्यांत मिळून व्हरांड्याच्या टोकाला एक ओटा, त्यावर एक शेगडी. सगळ्यांनी नंबर लावून शिजवायचं.

फॉर्मवर सातवा प्रश्न होता : 'चूल एक की वेगळी?' चूल एक असेल तर कुटुंब एक, सगळी माणसं एकाच फॉर्मवर. वेगळी असेल तर दुसरा फॉर्म.

सूनबाईनं पहिल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर हा प्रश्न विचारला, तेव्हा ओट्यापाशी तीन बायका होत्या.

"चूल वेगळी?" एकीनं कमरेवर हात ठेवले. "कुणी सांगितलं गं तुला आमचं भांडण झालं म्हणून?"

"भांडण नाही हो, फॉर्मवर आहे तसं."

"तुझ्या फॉर्मला म्हणावं, नजर लावू नकोस. एकच चूल आमची. आठ वर्षं झाली."

"हिची सासू होती तोवर होत्या दोन चुली," तिसरी म्हणाली. "एक ओट्यावर आणि एक सासूच्या तोंडात."

खूप हसल्या त्या. सूनबाईही हसली आणि 'एक'वर खूण केली. पुढच्या मजल्यावर तेच, पुढच्या इमारतीत तेच. 'वेगळी चूल मांडली' याचा अर्थ आपल्यात काय होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुठली बाई शेजारणींच्या देखत म्हणेल, की आमची चूल वेगळी? आणि डोळ्यांसमोर शेगडी तर खरंच एक होती. बहात्तर खोल्यांचे चोवीस फॉर्म झाले.

या गोष्टीला सहा महिने झाले. एका दुपारी बालघरवाली ताई आमच्या दारात उभी राहिली. चार इमारतींच्या मधोमध, पाण्याच्या टाकीखाली, बालघराची एक खोली आहे. पाच वर्षांखालच्या अठ्ठावन्न मुलांना तिथं दुपारचं गरम जेवण मिळतं, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी छताला टांगलेल्या काट्यावर त्यांची वजनं होतात. ही ताई ते सगळं एकहाती चालवते. बाई तोंडानं फटकळ, पण मुलांनी पानात घास टाकला तर स्वतः जेवायची नाही.

तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. एक कागद सूनबाईपुढे धरला.

"वाच. मोठ्यानं वाच, तुझ्या सासऱ्यांनाही कळू दे."

कागदात लिहिलं होतं, की ज्या वस्तीत चाळीस गरजू कुटुंबं असतील तिथंच बालघर ठेवायचं. गरजू म्हणजे पाच वर्षांखालचं मूल आहे आणि कमावतं माणूस एकच आहे, असं कुटुंब. ताज्या पाहणीप्रमाणे या वस्तीत अशी कुटुंबं पाच. सबब बालघर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून बंद.

"पाच!" ताई म्हणाली. "अगं माझ्याकडे रोज अठ्ठावन्न ताटल्या लागतात. पाच कुटुंबांत अठ्ठावन्न? काय कौरव आहेत का इथं?"

"मी विचारलं तेच लिहिलं, ताई."

"मग आता मुलांनाही विचार, एक तारखेला जेवाल का म्हणून. हो, नाही, की सांगता येत नाही?"

ती गेली. सूनबाईनं तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "बाबा, मला आकडे वाचून दाखवाल?"

रविवारी दुपारी आम्ही जमिनीवर बसलो. एका बाजूला तिच्या चोवीस स्थळप्रती, दुसऱ्या बाजूला ताईकडून मागून आणलेली वजनांची वही. वहीत प्रत्येक मुलाचं एक पान, त्यावर महिन्याचं वजन आणि रंग. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे मूल धोक्यात. मी वहीतून मुलाचं नाव आणि आईचं नाव वाचायचो, ती स्थळप्रतीत शोधायची. माझा आवाज शाळेतल्या पाढ्यांसारखा चालला होता. एका फॉर्मपाशी तिनं हात वर केला.

"थांबा. हा फॉर्म बघा. माणसं तेरा, कमावती तीन, लहान मुलं चार. चांगलं खातंपितं घर दिसतं कागदावर. आता ही चार मुलं वहीत कशी आहेत?"

मी पाहिलं. दोन हिरवी. एक पिवळं. एक लाल.

"आणि आया?"

दोन हिरव्यांची आई एक. पिवळ्याची दुसरी. लालची तिसरी.

"एका चुलीवर जेवणारी पोरं," ती हळू म्हणाली, "मग रंग आईप्रमाणे कसे पडतात?"

आम्ही चोवीसही फॉर्म तसे लावून पाहिले. सगळीकडे तेच. फॉर्मवर एक घर, वहीत दोन-दोन, तीन-तीन आया, आणि रंग आईमागे. गणित मला फार येत नाही, पण हे गणित नव्हतंच. ताटं वेगळी होती, हे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

लाल रंगाची ती पोर म्हणजे मुंगी. ताईनंच ठेवलेलं नाव. सव्वातीन वर्षांची, एवढीशी, आणि सदा काहीतरी उचलून नेत असायची. वाटी, चप्पल, कुणाचं तरी झाकण. तिच्या पानावर चार महिने एकच वजन होतं, नऊ किलो दोनशे. पोरं दर महिन्याला वाढतात. ही जागच्या जागी उभी होती.

सोमवारी सकाळी सूनबाई मुंगीच्या मजल्यावर गेली आणि काही न विचारता ओट्याजवळच्या पायरीवर बसली. शेगडी एक. आधी एक बाई आली, आपलं भांडं चढवलं, उतरवलं, खोलीत नेलं. मग दुसरी. ओट्याखाली पिठाचे तीन डबे, तिन्हींवर तीन खुणा, एकाला लाल दोरा, एकाला चुन्याचा ठिपका, एक पिचका. शेवटी मुंगीची आई आली. कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवायचं काम करायची ती, घरात कमावती तीच, बोटांना खळ तशीच. तिनं पिचका डबा उघडला, आत हात घातला, आणि हात बाहेर येताना डब्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला.

"वहिनी," सूनबाई म्हणाली, "तुमचं भांडं वेगळं असतं?"

"मग? भांडं आपापलं, पीठ आपापलं. त्यात काय विचारायचं?"

"मग त्या दिवशी चूल एकच म्हणालात."

"एकच आहे की! ही काय." तिनं शेगडीवर बोट ठोकलं. "चूल वेगळी म्हणायला आम्ही काय भांडलोय?"

सूनबाई घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. प्रशिक्षणाच्या वेळी प्रगणकांना नव्वद पानांची एक पुस्तिका मिळाली होती. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, त्यात फॉर्म समजावला, पुस्तिका 'घरी वाचा' म्हणून दिली. आमच्या घरी तिच्यावर दुधाचं गरम पातेलं ठेवायची पद्धत पडली होती. चांगली जाड होती, ओटा भाजत नसे. तिनं ती पुसून उघडली. एकेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं : 'ज्यांचा शिधा एकत्र ठेवला जातो व अन्न एकत्र शिजते ते एक कुटुंब.' आणि खाली बारीक अक्षरात तळटीप : 'बोलीभाषेत यास चूल म्हणतात.' फॉर्म बनवणाऱ्यानं तळटीप तेवढी उचलली होती.

"फॉर्मवाल्याची चूक," मी म्हणालो.

"आणि न वाचणाऱ्याची?" ती म्हणाली.

माझा थोरला मुलगा मालवाहू गाडी चालवतो. बोलायला मोजका, पण त्या दिवशी चिडला. "सगळे प्रगणक फॉर्मवर आहे तेच विचारतात. तू एकटी शहाणी कशाला होतेस? तुझी सही आहे त्यावर. पुढच्या खेपेला पर्यवेक्षक करणार होते ना तुला?"

"करणार होते."

"मग गप्प बस की."

ती गप्पच बसली. पण दुसऱ्या दिवशी पिशवीत वही, स्थळप्रती आणि पुस्तिका घालून कचेरीत निघाली. मला म्हणाली, "बाबा, येता सोबत? एकटीला धीर होत नाही." मी गेलो.

कचेरीतले साहेब वाईट माणूस नव्हते. बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, वही आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवून स्वतः दोन-चार नावं जुळवून पाहिली. मग चष्मा काढला.

"बाई, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण गोषवारा वर गेला. आता तो बदलायचा तर लेखी कारण लागतं. कारणं दोनच चालतात. पहिलं, माहिती देणाऱ्यांनी चुकीची माहिती दिली."

"आणि तसं लिहिलं तर?"

"तर तुमच्यावर काही येत नाही. त्या कुटुंबांवर 'माहिती अविश्वसनीय' असा शेरा पडतो, आणि पुढची पाहणी होईपर्यंत ती कुठल्याच यादीत धरत नाहीत."

"पुढची पाहणी कधी?"

"दोन वर्षांनी."

"दुसरं कारण?"

"प्रगणकानं पुस्तिकेप्रमाणे विचारलं नाही. म्हणजे चूक तुमची. मग दुरुस्तीची पाहणी करता येते. पण दहा टक्क्यांहून जास्त फॉर्म चुकले, तर प्रगणकाचं नाव कमी होतं. तुमचे चुकले एकशे तीसात चोवीस." साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. "मी तुम्हाला पहिलं लिहा असं सांगत नाही. पण बरेच जण लिहितात. आणि एका अर्थी त्या बायकांनी चुकीचं सांगितलंच की."

सूनबाईनं खुर्चीतून पाठ सरळ केली. घरात मला ती सवय माहीत आहे. आता ही हलणार नाही, याची ती खूण.

"साहेब, त्या खोटं नाही बोलल्या. चूल एकच आहे. मी बघून आले."

"म्हणजे?"

"दुसरं कारण लिहिते."

कोरा कागद मागून तिनं तिथंच लिहिलं. मी शेजारून पाहत होतो. 'मी पुस्तिका वाचली नव्हती' हे वाक्य लिहिताना तिची लेखणी एकदा थांबली, मग पुढं गेली. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "चार दिवस देतो. सोबत एक साक्षीदार लागेल, लिहितावाचता येणारा." माझ्याकडे बघितलं. "आजोबा, शिक्षण?"

"चौथी. पण गुरुजी कडक होते."

"चालेल," साहेब म्हणाले.

चार दिवस आम्ही जिने चढलो. चूल हा शब्द तिनं तोंडातून काढला नाही. प्रत्येक खोलीत जायची, तिथल्या बाईला ओट्याजवळ न्यायची आणि विचारायची, "यातला तुमचा डबा कोणता?" लगेच बोट जायचं. त्यात भांडण नव्हतं, कमीपणा नव्हता, नुसता डबा होता. एका खोलीतली आजी तर म्हणाली, "तो तिसरा. आणि सुनेला सांगू नकोस, त्याच्या मागं माझा वेगळा आहे, बिस्किटांचा." साक्षीदार म्हणून मी ते ऐकलं नाही.

पण मुंगीच्या मजल्यावर अडलं. तिथं एक मावशी होत्या. तीस वर्षं त्या खोलीत राहिलेल्या, नवरा गेलेला, मुलगा हमाल. ओट्यावर कुणाचा नंबर कधी, हे त्या ठरवायच्या. सूनबाई काय लिहिते हे त्यांनी वाकून पाहिलं आणि फॉर्मवर हातच ठेवला.

"हे तीन कागद कशाला?"

"तीन कुटुंबं, मावशी."

"तीस वर्षं एका ओट्यावर काढली. बाळंतपणं केली मी यांची. आणि तू बाहेरून येऊन आमच्या तीन चुली मांडतेस?"

"शिधा वेगळा आहे ना, म्हणून."

"शिधा वेगळा असेल. माझ्या भांड्यातलं रोज दोन घास त्या पोरीच्या तोंडात जातात. विचार तिच्या आईला. मला वेगळं लिहिलंस तर मी कोण तिची?"

मुंगी खाली पायरीवर बसून एका डब्याचं झाकण लावत होती, काढत होती. सूनबाई मावशींच्या समोर जमिनीवर बसली.

"मावशी, ती चार महिने नऊ किलो दोनशेवर आहे. वाढली नाही. पण कमीही झाली नाही. ते तुमच्या दोन घासांमुळं आहे. मी ते लिहू शकत नाही, त्याला फॉर्मवर जागाच नाही. पण तुम्ही एकत्र आहात असं लिहिलं, तर कागद म्हणतो हिला तीन कमावते आहेत. मग दुपारचं बंद होतं. मग दोन घास पुरतील?"

मावशींनी हात काढला नाही. मुंगीची आई दारात उभी होती. ती पुढं आली. "लिही गं," ती म्हणाली. "पण एक कर. आम्ही भांडून वेगळ्या झालो असं वाचणाऱ्याला वाटायला नको. तेवढं लिही."

फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. सूनबाईनं त्यात लिहिलं : 'भांडण नाही.' मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशींनी "पुन्हा वाच" म्हटलं. तिनं पुन्हा वाचलं. मग हात निघाला.

ही गोष्ट जिन्यावरून आमच्या आधी पोहोचली. त्यानंतर जी ती म्हणायला लागली, "आमच्याही कागदावर लिही." आधीचे फॉर्म काढून त्यांवरही लिहावं लागलं. तीन खोल्या रिकाम्या होत्या. राहत्या खोल्या एकोणसत्तर, फॉर्म एकोणसत्तर, आणि एकोणसत्तर वेळा 'भांडण नाही'. साहेबांनी गठ्ठा चाळला आणि विचारलं, "बाई, हे काय? सगळीकडे?" तिनं सांगितलं. ते ऐकून साहेबांनी गठ्ठा पुन्हा बांधला. मग म्हणाले, "राहू द्या. रकाना शेऱ्याचाच आहे."

एकोणसत्तर घरांत गरजू निघाली सत्तेचाळीस. लागत होती चाळीस.

इथं गोष्ट संपली असती तर मला सांगायला सोपी गेली असती. पण कागद वर जातो तो पायऱ्या मोजत जातो. एक तारीख आली तेव्हा आदेश आला नव्हता, म्हणून बालघराला कुलूप लागलं. ताई रोज येऊन कुलपासमोर उभी राहायची. पहिले काही दिवस मुलं ताटल्या घेऊन येत, मग येईनाशी झाली. सात आठवडे तसेच गेले. मधल्या काळात सूनबाईला पत्र आलं, प्रगणकांच्या यादीतून नाव कमी केल्याचं. तिनं खाकी पिशवी धुतली, वाळवली, घडी घालून कचेरीत परत दिली. संध्याकाळी तिच्यासाठी चहा मुलानं केला. साखर विसरला. तिनं तो सगळा प्यायला.

आठव्या आठवड्यात आदेश आला : बालघर चालू ठेवावे. ताईनं आमच्या गल्लीच्या तोंडापासून हाका मारायला सुरुवात केली. "अगं ए फॉर्मवाले! चल, काटा लावायचाय. मी वजन सांगते, तू लिही. फुकटचं काम आहे, तुझ्या सवयीचं नाही, पण ये."

पहिल्या दिवशी एक्कावन्न मुलं आली. सात आली नाहीत. सूनबाई सात नावं लिहून घेऊन इमारतींत फिरली. चार मुलं सापडली. त्यांच्या आयांना बालघर उघडल्याचं ठाऊकच नव्हतं. तीन घरांतली माणसं गेली होती. डब्यांच्या कारखान्यात माणसं कमी केली, तेव्हा त्यांनी खोल्या सोडल्या. त्यांतली दोन कुटुंबं गावी गेल्याचं कळलं. तिसरं मुंगीचं. मावशींना एवढंच माहीत होतं, की मोठ्या पुलापलीकडे कुठंतरी काम मिळालं म्हणून ते गेले. जाताना पोर झोपलेली होती.

ताईनं वही पुढं ओढली. "स्थलांतर लिहायचं आणि पान बंद करायचं. नियम तसाच आहे."

"पान बंद केल्यावर ती दुसरीकडे गेली तर?"

"तर तिथं नवीन पान उघडतील."

"म्हणजे त्यांना वाटेल, ही आजच सुरू झाली," सूनबाई म्हणाली. "आधी किती होती, किती महिने अडली होती, काहीच नाही."

पुलापलीकडच्या बालघरांची यादी तिनं कचेरीतून मागून आणली. साहेबांनीच दिली. अकरा बालघरं होती. तिनं अकरा पत्रं लिहिली. प्रत्येकात मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, मागच्या वर्षभराची वजनं महिन्यावार, आणि खाली एक ओळ : 'ही मुलगी आपल्याकडे आल्यास वजन इथून पुढे मोजावे.' पाकिटांवर पत्ते मी घातले. माझं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं आहे. हे तीच म्हणते.

उत्तरं यायला लागली. 'अशी नोंद नाही.' 'अशा नावाचे मूल नाही.' एकानं तर नुसतं 'निरंक' लिहून शिक्का मारला होता. पाच झाली, सहा झाली. ती प्रत्येक पत्र वाचून यादीवर फुली मारायची आणि कामाला लागायची. मी काहीतरी जुनं सांगून तिला हसवायला बघायचो. ती ऐकायची, पण कान दाराकडे.

नववं पत्र जरा जाड होतं. तिथल्या ताईनं वहीच्या पानावर लिहिलं होतं. मुलगी आमच्याकडे आहे. आली तेव्हा आठ किलो आठशे होती. नवीन मूल म्हणून पान उघडलं, आणि नवीन मुलाला पहिले तीन महिने नुसतं बघायचं असतं. तुमचं पत्र आल्यावर कळलं, की हे तिचं वजन नाही, ही घट आहे. त्याच दिवसापासून दोन वेळचं जेवण सुरू केलं, डॉक्टरला दाखवलं. आज नऊ किलो शंभर. लाल आहे, पण वर चाललीय.

सूनबाईनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. चारशे ग्रॅम, असं बोटांवर मोजलं. सात आठवड्यांत गेलेले चारशे, आणि परत आलेले तीनशे. मग ते पत्र घेऊन ती मावशींकडे गेली. मीही गेलो. मावशी ओट्यापाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. किलो-ग्रॅमपाशी मान हलवली नाही.

"दोन वेळचं देतात म्हणतेस?"

"हो."

"भरवतं कोण?"

"तिथली ताई असेल."

"तिला कळव," मावशी म्हणाल्या, "समोर ताटली ठेवून निघून गेलं तर ती खात नाही. झाकणंच उचलत बसते. जवळ बसावं लागतं. आणि घाई करायची नाही."

सूनबाईनं पत्राच्या पाठीवर तिथंच उभ्याउभ्या ते लिहून घेतलं, आणि तिथल्या ताईला तसं पत्र करून दुपारच्या टपालात टाकलं.